शेंडे दुपारी झोपत नसत

"तंबू वर घ्या! अबे, वर घ्या म्हणतो ना!"

शेंडेबाबू काठावर उभे राहून ओरडत होते आणि आम्ही खाली रेतीत बसून हसत होतो. मी तर त्यांना हात हलवून दाखवला, लग्नाच्या वरातीतला नवरदेव दाखवतो तसा.

आमच्या ऑफिसची सहल खाप्याला कन्हानच्या पात्रात उतरली होती. होळी नुकतीच झालेली. नदी इतकी आटली होती की तिला नदी म्हणायचं ते जुन्या ओळखीखातर. एखाद्या म्हशीने मनावर घेतलं असतं तर एका बैठकीत पिऊन टाकली असती. पाण्याच्या कडेला गार रेतीवर भाड्याचा तंबू ठोकलेला, तंबूच्या तोंडाशी सावजी मटणाचं पातेलं रटरटत होतं आणि आमचे बडेबाबू लोडाला टेकून पान जमवत होते. शेंडे मूळचे खाप्याचे. आल्या आल्या भावाच्या घरी भेटून येतो म्हणून गेले होते, ते परत येऊन पाहतात तो हा देखावा.

एरवी या माणसाचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत पोचायचा नाही. त्या दिवशी तो सावनेरपर्यंत गेला. तिथल्या खाणीतले लोक पाळी बदलल्याचा भोंगा झाला समजून वर आले, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत असे. माझ्या सांगण्यातलं निम्मं वजा करायचं, असा ऑफिसात रिवाज होता. पण शेंड्यांच्या बाबतीत मी फारसं काही घातलेलं नाही. घालावंसंही वाटत नाही. आता थापा मारायलाही दम लागतो.

बडेबाबूंनी मान वर करून आभाळ पाहिलं. "शेंडे, ढगाचं नख तरी दिसते का तुम्हाले?"

"आभाळाचं नाव घेऊ नका साहेब," शेंडे म्हणाले, आणि खाली उतरून त्यांनी एकामागून एक खुंट्या उपटायला सुरुवात केली. तंबू बडेबाबूंवर बसला. आतून पानासकट आवाज आला की हे सगळं गोपनीय अहवालात लिहिलं जाईल. मग काय, पातेलं, लोड, बडेबाबू असं सगळं सामान काठावर चढलं. तिथे सावली म्हणून एक बाभूळ होती, तीही आपली सावली स्वतःपुरतीच ठेवून होती. आम्ही काटे वेचत, घाम पुसत, रेती पडलेला रस्सा भुरकला. शेंडे तेवढा वेळ काठाच्या टोकाशी बसून पाण्याकडे पाहत होते. पाणी बोटभरही चढलं नाही. चढणार कुठून?

या माणसाची एक जुनी खोड मी आधी सांगायला हवी. शेंडे दुपारी झोपत नसत.

बाहेरगावच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण ज्याने नागपूरचा उन्हाळा काढला आहे त्याला कळेल की ही खोड नव्हे, हा जवळजवळ चमत्कार आहे. आमच्या सिव्हिल लाइन्समधल्या ऑफिसात जेवणं झाली की वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं जाई आणि त्या वासाने आधी चपराशी, मग कारकून, मग बडेबाबू आणि शेवटी छताचा पंखा, असे सगळे क्रमाने झोपी जात. एकदा एक सांड व्हरांड्यातून आत आला आणि त्याने आवक विभागातले अर्ज खायला सुरुवात केली. ताजा कागद सोडून तो फक्त जुनी प्रकरणं खात होता, म्हणजे काम आमच्यापेक्षा चांगलंच चाललं होतं. जागे एकटे शेंडे. त्यांनी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला, हळूच बाहेर नेलं, आणि परत येऊन फाइल उघडली. कोणाला उठवलं नाही. आम्हाला कळलं ते शेणावरून.

बसायचे ते कायम भिंतीला पाठ लावून. नव्या खोलीत शिरले की आधी दरवाजे पाहायचे. कुणाच्या लग्नाला गेले तरी मांडवाच्या मागच्या बाजूला एक चक्कर मारून यायचे. "पुढचं सारेच पाहतात," म्हणायचे. "मागं काय आहे ते पाहून बसावं." आम्ही त्यांना पाठीमागे 'समुद्र' म्हणत असू, कारण जवानीत ते परदेशी समुद्रकाठी जाऊन आले होते एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. सोबतचा मित्र परत आला नाही, हेही ठाऊक होतं. कसं, ते कोणी विचारलं नव्हतं.

सहलीहून परतताना ट्रकमध्ये लोकांनी त्यांना भरपूर सोलून काढलं. कोणी म्हणालं, अंबाझरी तलावाला जहाज लागलं आहे, शेंड्यांना कप्तान नेमलंय. मी त्यांच्या शेजारी केबिनला टेकून बसलो होतो. लांबून नागपूरचे दिवे दिसायला लागल्यावर ते आपणहून, हिशेबाचा कागद वाचावा तसं सांगू लागले.

त्यांच्या जवानीत सायकलवर जगाची सफर करायचं खूळ आलं होतं. नागपूरच्या इतवारीतल्या मधुकर निखारेने ते घेतलं. घरी हातमाग, आईबाप नाहीत, थोरली बहीण विमलबाई हिनेच वाढवलेलं पोर. दौलत शेंडे त्याचा शाळेपासूनचा मित्र. विमलबाई हो म्हणेना. मधुकरला पोहता येत नव्हतं, आणि परदेश म्हणजे मध्ये पाणी, एवढा भूगोल तिला येत होता. शेवटी तिने दौलतला बोलावलं आणि भावाला सांगितलं, "हा खाप्याचा आहे. याच्या घरचे नदीत डांगरवाडी लावतात. याले पाण्याचं समजते. हा संगं असंल तर जा."

डांगरवाडी म्हणजे आटलेल्या पात्रात रेतीवर लावलेले टरबुजांचे वेल. उन्हाळाभर राखणदार तिथेच पाण्याच्या कडेला मांडव घालून राहतात. कोल्हे येतात, चोर येतात, म्हणून दोघं असतात: एक झोपतो, एक जागा राहतो. पाण्याची भीती कोणाला नसते. शेंडे त्यातच वाढलेले. "आमची नदी आभाळाले सांगून येते गा," ते म्हणाले. "ढग दिसला का मांडव उचलायचा. आभाळ कोरडं असंल तर पाण्याच्या काठची रेती म्हणजे आईची मांडी."

सीताबर्डीवर हार घालून घेऊन दोघं निघाले, मुंबईहून बोटीच्या डेकवर बसून समुद्रापल्याड इराणात उतरले, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने सायकली हाकू लागले. गावं दूरदूर. ऊन आपल्यासारखंच. सकाळ-संध्याकाळ चालवायचं, दुपारी तंबू ठोकून पडायचं.

एके दुपारी एका खाडीच्या तोंडाशी पांढऱ्या रेतीचा उंचवटा दिसला. वारा गार, मागे एक कोरडी नाली. मधुकर म्हणाला, तिकडे वर खडकाळ जमीन आहे, तिथे लावू. दौलत म्हणाला, "रेतीचं मले शिकवू नको." वर, दूर, एक कोळी उभा होता. तो त्याच्या भाषेत काहीतरी ओरडत होता, हात हलवत होता.

"आम्ही बी हात हलवला," शेंडे म्हणाले.

ट्रक एका खड्ड्यातून गेला. मला दुपारचा माझाच हात आठवला, आणि तो कुठे ठेवावा हे कळेना.

"जागं राहायची पाळी माझी होती. आभाळ कोरडं होतं. मी बी झोपलो."

पाणी समोरून आलं नाही. मागून आलं. भरतीने आधी ती कोरडी नाली भरली, मग उंचवट्याला वेढा घातला. जाग आली तेव्हा तंबूत पाणी होतं आणि जमीन पलीकडे गेली होती. दौलतने मधुकरला पाठीवर घेतलं. कन्हानच्या पुरात त्याने म्हशी पार केल्या होत्या. "पण नदी एकाच अंगाले ओढते. तिच्यासंगं वाहत गेलं तर कुठं तरी काठाले लावते. ते पाणी दोन्हीकडून ओढून राहिलं होतं. कोणतं धरावं, समजलंच नाही." त्याच कोळ्याने होडी घालून दौलतला काढलं. मधुकर दुसऱ्या दिवशी सापडला. त्या लोकांनी त्याला त्यांच्या रीतीने पुरलं. मधुकर जिथे तंबू लावू म्हणत होता, तिथेच.

शेंडे परत आले ते स्टेशनवरून थेट इतवारीत गेले. विमलबाईने उभ्याने सगळं ऐकलं. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त पाणी आणलं नाही. आमच्याकडे उन्हातून आलेल्या वैऱ्यालाही आधी तांब्या पुढे करतात, मग भांडण काढतात. शेंडे थोडा वेळ उभे राहिले आणि निघाले. त्यानंतर त्यांना इतवारीत काम पडलं की ते अख्ख्या महाल भागाला वळसा घालून जात, पण त्या गल्लीतून जात नसत.

हे ऐकल्यावर मी त्यांना 'समुद्र' म्हणणं सोडलं. बाकीच्यांना मी काही सांगितलं नाही. पोटात गोष्ट ठेवण्याचा माझ्या आयुष्यातला तो एकमेव प्रसंग असावा.

मग बरीच वर्षं गेली. बडेबाबू बदलले, वाळ्याच्या ताट्या जाऊन कूलर आले, झोप तीच राहिली. अशाच एका दुपारी एक बाई आत आली. पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी. मी झोपेचं सोंग घेण्यात वाकबगार आहे. एक डोळा उघडा ठेवून चक्क घोरू शकतो. शेंडे उठून उभे राहिले आणि उभेच राहिले, तेव्हा मला कळलं ही कोण ते.

"प्रकाश जाऊन राहिला," बाई म्हणाली. प्रकाश तिचा मुलगा, इतक्यात कॉलेज संपवलेला. "त्याच्या दोस्तासंगं. तिकडंच. समुद्राच्या काठानं, तंबू घेऊन."

"मी सांगतो त्याले. जाऊ नको म्हणतो."

"कोणाचं ऐकत नाही. मामाच्या फोटोकडं पाहू पाहू वाढला तो. थांबवून पाहिलं मी, आता थकली." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "त्याले शिकव."

"मी, बाई?"

"तुले पाण्याचं समजते म्हणून तवा धाडलं होतं. तवा नव्हतं समजत. आता समजलं असंल."

शेंड्यांनी माठातलं पाणी ग्लासात काढून तिच्यापुढे ठेवलं. तिने ग्लासाकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि गेली. ग्लास संध्याकाळपर्यंत तसाच होता. चपराशाने उचलायला हात घातला तर शेंडे म्हणाले, राहू दे.

प्रकाश म्हणजे खांद्यापर्यंत केस आणि अशी बेलबॉटम पँट की तो एकदा चालत गेला की इतवारीची गल्ली झाडून निघावी. त्याचा मित्र दिलीप गोलमटोल, झोपाळू, आमच्या ऑफिसात शोभला असता. रविवारी सकाळी फुटाळा तलावाच्या काठी शेंडे त्यांची शाळा घेत. मीही जात असे, भाजलेल्या कणसांसाठी. शेंडे काडीने चिखलात किनारा काढायचे, खाडी काढायचे, आणि नागपुरात, जिथून समुद्र कोणत्याही बाजूने निघालात तरी तितकाच लांब, तिथे या दोन पोरांना भरती शिकवायचे. वाळक्या शेवाळाची आणि शिंपल्यांची रेघ कुठवर आली आहे ते आधी शोधा, आणि तिच्याही बरंच वर झोपा. कड्याच्या पायथ्याशी नको, दगड सुटतात. कोरड्या नालीच्या तोंडाशी नको. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं. अंगावर पैसे दाखवू नका. तंबूत शेगडी घेऊन दार बंद करू नका. ज्या गावाजवळ राहाल, तिथल्या एका तरी माणसाला सांगून जा. आणि दोघं एकदम झोपू नका. हे शेवटचं ते इतक्या वेळा म्हणत की फुटाळ्याची बदकंसुद्धा आळीपाळीने झोपायला लागली होती. हे माझं, वजा करा.

प्रकाश सुरुवातीला जांभया देत असे. एकदा शेंडे म्हणाले, "काठावरून कोणी हात हलवला, तर आपण हात हलवू नका. उठा आन् त्याच्याजवळ जा."

"आन् त्यानं जवळ बोलावून लुटलं तर, काका?"

शेंड्यांनी काडीने खाडीची रेघ उगाच दोनदा गिरवली.

"लुटलेला माणूस घरी येते," ते म्हणाले.

त्यानंतर प्रकाशने जांभई दिलेली मला आठवत नाही.

पोरं गेली. शेंडे ऑफिसात येत होते, फाइली निघत होत्या, पण माणूस वाळत चालला. अमावास्या आणि पौर्णिमेला ते डबा न उघडता परत नेत. मी एकदा म्हटलं, उपास धरला का? ते म्हणाले, "तिकडं आज पाणी मोठं असंल." पुढे मला सवयच लागली. डबा बांधलेला दिसला की मी न सांगता समजायचो, आज चंद्राचं काय आहे ते. भिंतीवरचं कॅलेंडर आमच्याकडे एरवी सुट्ट्या पाहण्यापुरतं होतं.

विमलबाई या काळात ऑफिसात पुन्हा आली नाही. शेंडे इतवारीत गेले नाहीत. दोघांच्या मध्ये ती दोन पोरं कुठेतरी वाळूत झोपलेली होती, आणि दोघांपैकी कोणालाही त्याबद्दल बोलायला दुसरं माणूस नव्हतं.

उन्हाळा येऊन गेला, पाऊस झाला, थंडी पडली, आणि एका दुपारी ऑफिसच्या दारात प्रकाश उभा. तव्यासारखा काळा, केस कापलेले. मागे दिलीप, निम्मा होऊन आलेला. दिलीपने आल्या आल्या तक्रारच मांडली की या माणसाने मला कुठेही धड झोपू दिलं नाही, साधं देवळाच्या ओसरीवर पडलो तरी म्हणे तू झोप, मी जागा आहे, मग तू जाग.

प्रकाश शेंड्यांच्या टेबलाशी गेला. "काका, एका जागी पाणी आलं. मागूनच आलं. आम्ही वर होतो, वरून पाहिलं."

"आभाळ कसं होतं?"

"कोरडं."

शेंड्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला आणि समोरची फाइल ओढली. मला वाटलं, आता हा माणूस टेबलावर डोकं टेकेल. आम्ही सगळे, म्हणजे जे जागे होते ते, वाट पाहत होतो. मी थाप मारत असतो तर इथे त्यांना असं घोरायला लावलं असतं की छताची कौलं हलली असती. पण ते झोपले नाहीत. इतक्या वर्षांची जाग अशी एका बातमीने उतरत नसते.

त्या संध्याकाळी ते इतवारीत गेले, सरळ रस्त्याने. हे प्रकाशने सांगितलं. आईने तांब्या आणून पुढे ठेवला. काकांनी तो उभ्याउभ्या रिकामा केला. आईने विचारलं, अजून आणू? ते म्हणाले, आण.

पुढे शेंडे रिटायर झाले आणि खाप्याला गेले. निरोपाच्या भाषणात नव्या बडेबाबूंनी त्यांच्या 'सदैव जागरूक' वृत्तीचा गौरव केला. निम्मं ऑफिस झोपलेलं होतं, त्यामुळे कोणी हसलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात. मीही तोवर रिटायर झालो होतो. गुडघे गेले होते, ऐकणारे कमी झाले होते, माझ्या थापा आता घरचे न वजा करताच खाली पडू देत. प्रकाशने सांगितलं होतं की आई खाप्यालाच आहे, उन्हाळाभर डांगरवाडीवर जाते, काकांकडे. एसटीने उतरलो आणि भर दुपारी काठावर येऊन उभा राहिलो.

खाली पात्रात टरबुजांचे वेल पसरले होते. पाण्याच्या अगदी कडेला, गार रेतीवर, पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, काड्यांचा मांडव. मांडवाखाली शेंडे उताणे पडले होते. तोंड उघडं, एक हात रेतीत गेलेला, पोट वरखाली होत होतं. त्यांच्या उशाशी विमलबाई बसली होती. तिचं तोंड नदी जिथून येते त्या वरच्या अंगाला होतं, आणि हातात कोल्ह्यांसाठी ठेवतात ती काठी होती.

माझी जुनी खोड. हसू आवरेना. मी काठावरून दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडलो, "शेंडेबाबू, तंबू वर घ्या!"

ते हलले नाहीत. बाईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"ओरडू नका जी," ती म्हणाली. "झोपू द्या त्याले. मी जागी आहे."